मागच्या सीटच्या जागी कार्पेटची फळी

(रेडिओवर झालेल्या बोलण्याचं शब्दांकन)

मागच्या महिन्यात आपण गाडी शिकण्याबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला. ‘ताई, गाडी तर आली, पण तिच्यात सामान बसत नाही. मागची सीट काढून टाकली तर चालेल का?’ कुणाला मशीन न्यायचं आहे, कुणाला मसाल्याचे डबे, कुणाला पार्लरची पेटी. मी स्वतः हा उद्योग दोनदा केला आहे. पहिल्यांदा चुकीचा केला, दुसऱ्यांदा बरा जमला. आज दोन्ही सांगते. माझी चूक तुम्हाला फुकटात शिकायला मिळेल.

मी शिवणक्लास घेते. आठवड्यात तीन गावं फिरते. सोबत दोन शिलाई मशीनची डोकी, एक छोटं ओव्हरलॉक, इस्त्री, कापडाची गाठोडी आणि बेतायची फळी. आधी हे सगळं एसटीनं आणि वडापनं न्यायचे. चार वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी छोटी गाडी घेतली. पैसे कमी पडत होते, तेव्हा सासूबाईंनी आपल्या दोन पाटल्या मोडल्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

पहिला प्रयत्न

गाडीत मागे सामान ठेवायला गेलं की सीटचा उतार आडवा येतो. मशीन कलंडतं, तेल सांडतं, सीटच्या कापडाला डाग पडतात. म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन मागची अख्खी सीट, बैठक आणि पाठ, दोन्ही काढून घेतली. मिस्त्रींनी १९ मिलिमीटरचा जाड प्लाय कापून खाली बसवला, वर लाल कार्पेट चिकटवलं. दिसायला झकास. मागचं दार उघडलं की सपाट लाल पलंगच! मी सगळ्यांना दाखवत सुटले.

सासूबाईंनी बाहेर येऊन पाहिलं आणि म्हणाल्या, “चांगलं केलंस गं. आता मला टपावर बसवणार का?” सगळे हसले. मीही हसले. पण त्यांना दर महिन्याला गुडघे दाखवायला तालुक्याला जावं लागतं. आमचे हे गाडी चालवणार, मी शेजारी बसणार, मग त्या कुठं? त्या महिन्यात त्या एसटीनं गेल्या. त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाल्या, “राहू दे, दुखत नाही आता.” दुखत होतं. मला ते कळायला उशीर झाला.

त्यातच एक दिवस रस्त्यात अचानक रेडकू आडवं आलं. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण मागचं मशीन थांबलं नाही. ते कार्पेटवरून सरळ घसरत आलं आणि शेजारच्या सीटच्या पाठीवर आदळलं. सीटचा खटका तुटला. त्या दिवशी शेजारी कुणी नव्हतं. एरवी माझी एक विद्यार्थिनी तिथं बसून यायची. गाडी बाजूला घेऊन मी दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

तिसरी गोष्ट विमा भरायच्या वेळी घडली. गाडी पाहायला आलेल्या माणसानं विचारलं, “बाई, आरसी बुकात पाच सीट लिहिल्यात. इथं तर दोनच आहेत.” मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. तोवर कागदाचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

घरच्यांची जागा, सामानाचा धोका आणि कागदपत्रं. मागची सीट काढायचा विचार असेल तर आधी या तीन गोष्टींचं उत्तर शोधा. कार्पेटचा रंग नंतर.

आधी कागद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये कलम ५२ आहे. त्याचा सरळ अर्थ असा: नोंदणीच्या कागदावर कंपनीनं दिलेला जो तपशील लिहिलेला असतो, तो बदलेल असा फेरफार मालकानं परवानगीशिवाय गाडीत करायचा नाही. आसनांची संख्या हा त्यातलाच तपशील. म्हणजे सीट कायमची काढायची तर आधी आरटीओला विचारायचं, परवानगी मिळाली तर बदल करायचा आणि तो आरसीवर नोंदवून घ्यायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा विनापरवाना बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरा कागद विम्याचा. खाजगी गाडीच्या पॉलिसीवर ‘वापराच्या मर्यादा’ असा एक भाग असतो. बारीक अक्षरात असतो, म्हणून आपण वाचत नाही. त्यात साधारणपणे लिहिलेलं असतं की भाड्यानं गाडी देणं आणि मालाची वाहतूक यांना हे संरक्षण नाही. नमुने आणि स्वतःचं सामान तेवढं चालतं. आता ज्या मैत्रिणी विकायचा माल रोज नेतात, पापड, मसाले, साड्या, त्यांनी हा भाग नीट वाचावा आणि विमा कंपनीला लेखी विचारावं. ‘मी अमुक सामान अमुक कामासाठी नेते, अपघात झाला तर दावा मिळेल का?’ एवढंच. उत्तरही लेखीच घ्यावं. तोंडी ‘चालतंय की’ वेळेला कामाला येत नाही. मी माझ्या मशीनबद्दल असंच लेखी विचारलं आणि आलेलं उत्तर पॉलिसीसोबत जपून ठेवलं आहे.

ज्यांचा माल खूप आहे आणि रोजचा आहे, त्यांनी मालवाहू म्हणून नोंदलेली छोटी व्हॅनच पाहावी. तशा गाड्या कंपनीच मागच्या सीटशिवाय बनवते, त्यांची नोंदणी आणि विमा त्याच कामाचा असतो. घरच्या गाडीला ओढूनताणून टेम्पो करण्यात अर्थ नाही.

मग माझ्यासारखीनं काय करायचं? सीट काढायचीच नाही. घडी घालायची आणि तिच्यावर सुट्या फळ्या ठेवायच्या. बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या सीटची पाठ पुढे पडते. खटका दाबला की ती बैठकीवर आडवी होते. तिच्यावर ठेवलेली फळी म्हणजे गाडीत ठेवलेलं सामानच. एकही बोल्ट निघालेला नसतो, सीट पाचच्या पाचच राहतात. फळ्या बाहेर काढल्या की सासूबाई परत आपल्या जागेवर. मी गॅरेजमधून जुनी सीट परत बसवून घेतली आणि नव्यानं सुरुवात केली.

सामान पुढे का येतं?

फळीचं माप घेण्याआधी हे समजून घ्या. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगानं चालली आहे, तेव्हा आतलं सामानही त्याच वेगानं चाललं आहे. ब्रेक चाकाला लागतो, सामानाला लागत नाही. सामान फक्त खालच्या घर्षणानं थांबतं. साध्या प्रवासात कार्पेट सामान धरून ठेवतं. पण करकचून ब्रेक लागला की ते घर्षण पुरत नाही.

आणि धडक झाली तर? ताशी ५० च्या वेगानं आदळणं म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखं. त्या वेगात गाडी अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर बारा किलोच्या मशीनचा रेटा दोन-अडीच क्विंटलइतका होतो. तो आपल्या पाठीवर येणार. मागची सीट उभी असते तेव्हा डिकीतलं सामान तिच्यामागे अडतं. ती भिंतच आहे. सीट पाडली किंवा काढली की आपण ती भिंत काढून टाकतो, हे कुणी आपल्याला सांगत नाही.

म्हणून तीन नियम. जड सामान सगळ्यात खाली. जड सामान पुढच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटून, मध्ये फट नको, कारण फट असली की त्याला वेग घ्यायला जागा मिळते. आणि पुढच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच थर लावायचा नाही.

आता माझी युक्ती सांगते. घडी घातलेली सीट आणि पुढची सीट यांच्यामध्ये पाय ठेवायची जागा असते ना, ती खोलगट असते. मी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आपल्या घरगुती शिलाई मशीनचा पाट साधारण साडेचौदा इंच लांब आणि सात इंच रुंद असतो. दोन्ही मशीनं त्या खळग्यात आडवी, एकापुढे एक, बरोब्बर बसली. एक ड्रायव्हरच्या मागे, एक शेजारच्या सीटच्या मागे. पुढे सीटची पाठ, मागे बैठकीची कड, खाली गाडीचा तळ. हलायला जागाच नाही. उरलेल्या फटीत जुन्या गोधडीच्या घड्या घट्ट बसवल्या. सगळ्यात जड वस्तू सगळ्यात खाली गेल्या आणि वरच्या फळीवर फक्त कापड राहिलं.

मापं आणि पॅटर्न

ही कामं आपल्याला नवी नाहीत बरं का. ब्लाउज बेतण्याआधी आपण पेपर कटिंग करतो, तसंच इथं करायचं. गाडीच्या आतल्या बाजू सरळ नसतात. चाकाच्या वरचा फुगवटा आत येतो, दाराकडे गोलाई असते. टेपनं लांबी-रुंदी घेऊन प्लाय कापला की तो एक तर अडकतो, नाहीतर दोन बोटं फट राहते. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आणा. सीट पाडा, पुठ्ठा आत ठेवा, थोडा थोडा कापत बसवा. माझ्याकडून पहिला पुठ्ठा वाया गेला, दुसरा बसला. पुठ्ठ्याचे पैसे नाहीत, प्लायचे आहेत.

आता एक फरक लक्षात ठेवा. कापड बेतताना आपण शिलाईसाठी मार्जिन जास्त सोडतो. इथं उलटं. कार्पेट तीन-चार मिलिमीटर जाड असतं आणि ते कडेवरून मागे वळतं. म्हणून प्लाय पुठ्ठ्यापेक्षा प्रत्येक बाजूनं पाच-सहा मिलिमीटर कमी कापायचा. नाहीतर प्लाय बसतो, पण कार्पेट लावल्यावर फळी आत जात नाही. आमच्या मिस्त्रींना हे पटत नव्हतं. मी म्हटलं, “मामा, अस्तर लावल्यावर ब्लाउज घट्ट होतो की नाही?” मग पटलं.

एकच मोठी फळी करू नका. पहिल्या वेळची माझी फळी एकसंध होती. १९ मिलिमीटरचा प्लाय, खाली लाकडाच्या पट्ट्या, वजन वीस किलोच्या वर. एकटीला उचलत नव्हती. स्टेपनी काढायची म्हटलं की सगळं सामान रस्त्यावर उतरवायचं. या वेळी तीन भाग केले.

पहिला भाग डिकीवरचा. पाडलेली सीट डिकीच्या तळापेक्षा वीतभर उंच राहते. ती पातळी सारखी करण्यासाठी डिकीत लाकडी पाय देऊन फळी उचलली. फळीखाली जागा उरते, तिथं इस्त्री, कात्र्या, दोऱ्यांचे डबे. या फळीला मध्ये लांब बिजागरी दिली. अर्धी उचलली की स्टेपनी आणि जॅक हाताला येतो.

दुसरा भाग पाडलेल्या सीटच्या पाठीवरचा. तिसरा भाग म्हणजे पायाच्या खळग्यावरचं अरुंद झाकण. ते दुसऱ्या फळीला बिजागरीनं जोडलेलं आहे. झाकण लावताना एक गोष्ट पाहा. पुढची सीट मागे-पुढे सरकायला हवी, तिची पाठ मागे जायला हवी. फळीमुळे आपली बसण्याची जागा आखडली तर पाय ब्रेकवर नीट जात नाही.

प्लाय, कार्पेट, गोंद

प्लाय घेताना नुसता ‘कमर्शियल’ घेऊ नका. पावसाळ्यात ओले पाय, ओली छत्री, सांडलेलं पाणी, त्यानं तो फुगतो. दुकानात ‘बीडब्ल्यूआर’ म्हणून मागा, तो पाणी बऱ्यापैकी सोसतो. त्याच्या वर मरीन प्लाय येतो, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. तो उत्तम, पण महाग. जाडी डिकीच्या आणि सीटवरच्या फळीला १२ मिलिमीटर, झाकणाला ९ मिलिमीटर पुरते. आठ बाय चार फुटांचा १२ मिलिमीटरचा अख्खा पत्रा साधारण बावीस किलो भरतो, १९ चा पस्तीसच्या आसपास. यावरून अंदाज घ्या. माझे तिन्ही भाग पाय आणि कार्पेट धरून बारा किलोत बसले, आणि एकेक भाग मी एका हातानं उचलते.

कापल्यावर कडा सँडपेपरनं घासा आणि सगळ्या बाजूंना, विशेषतः कडांना, वॉर्निशचा हात द्या. पाणी कडेतूनच शिरतं.

कार्पेट घरातल्या गालिच्यासारखं विणलेलं घेऊ नका. त्याचे धागे सुटतात. गाडीच्या सजावटीच्या दुकानात नमद्यासारखं दाबून केलेलं पातळ कार्पेट मिळतं, मांडववाल्यांकडे असतं तसं. ते कापलं तरी उसवत नाही आणि कोपऱ्यावर थोडं ताणलं जातं. रंग मात्र फार गडद किंवा फार फिका घेऊ नका. गडदवर सुताचे बारीक तुकडे दिसतात, फिक्यावर तेलाचे डाग. मी राखाडी घेतलं.

गोंद रबराचा, सुतार लोक ‘एसआर’ म्हणतात तो. त्याची पद्धत अशी की प्लायवर आणि कार्पेटच्या पाठीवर, दोन्हीकडे पातळ थर द्यायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. बोट लावल्यावर चिकटत नाही असं झालं की मगच जोडायचं. घाई केली तर फुगे राहतात. आणि एकदा जोडलं की सरकवता येत नाही, म्हणून एका कडेपासून हळूहळू दाबत जायचं, पोळी लाटताना कडेपर्यंत जातो तसं. हे काम अंगणात करा. त्या गोंदाची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते. जवळ शेगडी, उदबत्ती, काहीही पेटतं नको. मुलांना लांब ठेवा.

चार बाजूंनी दोन-दोन इंच कार्पेट जास्त ठेवायचं, ते खाली वळवायचं आणि स्टेपल गननं मारायचं. उन्हात उभी केलेली गाडी आतून भट्टीसारखी तापते, तेव्हा नुसता गोंद सुटू शकतो. स्टेपल धरून ठेवतं. स्टेपलचा पाय आठ मिलिमीटरच्या आतला घ्या, नाहीतर टोक वरून बाहेर येईल आणि रेशमी कापडाला धागा ओढेल. कोपऱ्यावर कार्पेट तिरपं कापायचं, उशीच्या अभ्र्याचा कोपरा वळवतो तसं. पण अगदी टोकापर्यंत नाही, प्लायच्या जाडीइतकं सोडून. म्हणजे कोपरा उघडा पडत नाही.

फळी जिथं पत्र्याला किंवा प्लास्टिकला टेकते तिथं नमद्याच्या पट्ट्या चिकटवा. नाहीतर खड्ड्यातून जाताना कुरकुर सुरू होते. ती ऐकत तीस किलोमीटर जाणं म्हणजे शिक्षा आहे.

भोक पाडू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. फळी घट्ट बसावी म्हणून कुणी म्हणेल, ‘खाली दोन स्क्रू मारून टाकू.’ अजिबात नाही. बऱ्याच छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खालीच असते. तळाशी इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या जातात, वायरी जातात. वरून काही दिसत नाही. एका स्क्रूनं काय होईल याची कल्पना करा. शिवाय छिद्रातून पाणी येतं आणि गंज लागतो. सीएनजी गाडी असेल तर डिकीत सिलिंडर असतो. त्याचा व्हॉल्व्ह, नळ्या आणि हवेची वाट फळीनं झाकायची नाही. अशा गाडीत आधी गॅस किट बसवणाऱ्याला विचारा.

मग फळी आणि सामान धरायचं कशानं? सीटची पाठ उभी असते तेव्हा ती ज्या लोखंडी कडीत अडकते, ती कडी बहुतेक गाड्यांत बाजूच्या पत्र्याला पक्की असते. सीट पाडली की दोन्ही बाजूंच्या कड्या मोकळ्या होतात. त्यांत बकलचे जाड पट्टे अडकवले आणि फळीवरून, सामानावरून आडवे घेऊन आवळले. फळीला स्क्रूनं मारलेल्या हुकाला सामान बांधलं, तर धक्क्यात फळीसकट सामान पुढे येईल. म्हणून पट्ट्याची टोकं गाडीच्या अंगालाच हवीत. वरून एक जाळी टाकली की गाठोडी उड्या मारत नाहीत. सुती नाडी, साडीची किनार, प्लास्टिकची सुतळी यांनी बांधू नका. ती ऐनवेळी तुटते.

आणखी चार गोष्टी. फळीवर चालत्या गाडीत कुणालाही बसवायचं नाही. मुलं तर हट्ट करतातच, ‘मागे झोपून येतो.’ नाही म्हणायचं. तिथं सीट नाही, म्हणजे पट्टा नाही. मागच्या काचेतून रस्ता दिसला पाहिजे, तेवढंच सामान भरायचं. वजन किती चालतं ते गाडीच्या पुस्तकात पाहा. भरलेल्या गाडीला टायरची हवा किती, त्याचा स्टिकर बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. आणि महिन्यातून एकदा फळ्या बाहेर काढून खालचं झाडून घ्यायचं. सुया आणि टाचण्या तिथंच सापडतात.

खर्च

माझा खर्च सांगते. तुमच्याकडे थोडा इकडेतिकडे होईल. प्लाय १,४०० रुपये, कार्पेट ६००, गोंद ३५०, बिजागऱ्या, वॉर्निश आणि किरकोळ ४००, पट्टे आणि जाळी ७००, मिस्त्रींची मजुरी १,२००. एकूण ४,६५० रुपये. पहिल्या वेळी यापेक्षा जास्त गेले होते, वर सीट काढायची मजुरी वेगळी, परत बसवायची वेगळी आणि तुटलेल्या खटक्याचे पैसे वेगळे.

एक फायदा मागाहून लक्षात आला. सीटवरची फळी मी बाहेर काढून दोन बाकांवर पालथी ठेवते. तिच्या खालच्या बाजूला मिस्त्रींकडून गुळगुळीत पत्रा लावून घेतला. तोच माझा बेतायचा पाट. वेगळी फळी न्यायची गरज उरली नाही.

या वेळी पुठ्ठा कापताना सासूबाई बाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी आत वाकून, त्या बाहेरून सूचना देत. “डाव्या बाजूला अजून बोटभर घे गं.” बरोबर होतं त्यांचं. फळ्या तयार झाल्यावर मी त्यांच्यासमोर त्या काढून दाखवल्या. दोन पट्टे सोडायचे, तीन भाग उचलायचे, सीटची पाठ उभी करायची, खटका ऐकायचा. पाच मिनिटं. त्या उठल्या, मागचं दार उघडून आत बसल्या, पट्टा लावला आणि म्हणाल्या, “चल, एक चक्कर मार.” महिन्याच्या पहिल्या सोमवारी आता फळ्या पडवीत असतात. तो दिवस त्यांच्या गुडघ्यांचा.

तर मैत्रिणींनो, थोडक्यात पुन्हा सांगते. आधी घरात विचारा, कुणाची जागा जाते आहे. मग आरसी आणि पॉलिसी काढून वाचा. सीट काढायच्या ऐवजी घडी घालून काम भागतं का ते पाहा. पुठ्ठ्याचा पॅटर्न करा. फळ्या सुट्या, हलक्या आणि एकटीला उचलतील अशा करा. तळाला भोक पाडू नका. जड ते खाली आणि पुढे, आणि पट्टा गाडीच्या अंगाला.

गाडी तुमची आहे, काम तुमचं आहे. विचारायला लाजू नका, ना मिस्त्रींना, ना आरटीओत, ना विमावाल्यांना. मीही लाजले होते, म्हणून तर दोनदा खर्च आला. सांभाळून चालवा. नमस्कार.